सेमिस्टर, गच्ची आणि बरण्या: नागपुरात भाषेचा अभ्यास सांभाळून बाग आणि साठवण कशी करावी

नागपुरात बाग आणि परीक्षा एकाच वेळी पिकतात. हिवाळी परीक्षा साधारणपणे नोव्हेंबर-डिसेंबरात येते. आंबिया बहराची संत्री, आवळे, अंबाडीची लाल बोंडं आणि गच्चीवरचे पहिले टोमॅटोही त्याच सुमाराला हाती येतात. उन्हाळी परीक्षेच्या काळात लोणच्याचे आंबे बाजारात उतरतात, वाळवणं सुरू होतात आणि पारा ४५ अंशांवर गेला की एक दिवस पाणी चुकलेली कुंडी संध्याकाळपर्यंत माना टाकते. संस्कृत, पाली, मराठी, हिंदी, उर्दू, जर्मन, विषय कोणताही असो, बहुतेकांची घडी याच दोन ठिकाणी विस्कटते. आठवड्याचे तास मोजून फारसं हाती लागत नाही. मध्येच सोडता न येणारी कामं नेमकी तुम्हाला वेळ नसलेल्या दिवशी येऊन पडू नयेत, एवढीच काळजी घ्यायची आहे. त्यासाठी पेरणीच्या तारखा बदलाव्या लागतात आणि कोणती साठवण करायची हे आधीच ठरवावं लागतं.

आधी कामं वेगळी करा

कागदावर दोन रकाने पाडा, एक बाग-स्वयंपाकघराचा आणि एक अभ्यासाचा.

पहिल्या रकान्यातल्या कामांचे तीन प्रकार निघतील. काही कामं कधीही सोडता येतात: तण काढणं, मेथी निवडणं, लसूण सोलणं, बरण्या धुणं, लिंबाच्या लोणच्याची बरणी हलवणं. काही टप्प्याटप्प्याने होतात आणि दोन टप्प्यांमध्ये एक दिवस ते आठवडा थांबतात: मीठ लावून ठेवलेल्या आंब्याच्या फोडी, मोरावळा, उन्हात वाळवलेली बोंडं, फ्रीझरमध्ये साठत गेलेले टोमॅटो. तिसरा प्रकार एका बैठकीचा: जॅम घट्ट होण्याची वेळ, संत्र्याचा रस, उकळत्या पाण्यातल्या बरण्या. ही कामं सुरू केली की संपवूनच उठायचं.

अभ्यासाचे दोनच प्रकार करा. अपरिचित उताऱ्याचं भाषांतर, नवं व्याकरण, निबंधलेखन यांना ताजं डोकं आणि टेबल लागतं. पाठांतर, रूपावली, उच्चार, श्रवण, जुन्या शब्दांची उजळणी हा कान आणि तोंडाचा अभ्यास आहे. हा दुसरा प्रकार पहिल्या रकान्यातल्या सोडता येणाऱ्या कामांबरोबर बिनधास्त होतो. एका बैठकीच्या कामाबरोबर मात्र, बरण्या पाण्यात उकळत असतानाचा वेळ सोडला तर, काहीही करू नका. उकळत्या पाकाजवळ कानात इयरफोन घालून उभं राहणं धोक्याचं आहे, आणि तेवढ्यात ऐकलेलं लक्षातही राहत नाही.

पेरणी परीक्षेपासून मागे मोजा

विद्यापीठाच्या तारखा पुढेमागे सरकतात, म्हणून पेरणीचा हिशोब आठवड्यांत ठेवा आणि परीक्षेसाठी पंधरवड्याची सूट धरा.

टोमॅटोचं बी पेरल्यापासून २५ ते ३० दिवसांनी रोप कुंडीत जातं. तिथून पहिलं फळ पिकायला ६० ते ७० दिवस लागतात. ऑगस्टच्या मध्यावर बी टाकलं तर तोडणी नोव्हेंबरात, म्हणजे ऐन पेपरांत सुरू होते. १५ सप्टेंबरच्या आसपास टाकलं तर ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्यात लावणी होते, डिसेंबरच्या अखेरीस पहिली फळं येतात आणि जानेवारीत भर येतो. यापेक्षा उशीरही करू नका. डिसेंबर-जानेवारीत नागपूरच्या रात्री गारठतात आणि किमान तापमान १३ अंशांच्या खाली गेलं की फलधारणा मंदावते. त्यामुळे फुलांचा मोठा बहर डिसेंबरच्या पहिल्या पंधरवड्यापर्यंत येऊन गेलेला बरा.

बरणीसाठी झुडपी वाण घ्या. रोमासारख्या लांबट, गरदार जातीची फळं थोड्या दिवसांत एकदम पिकतात, त्यामुळे एका रविवारी काम उरकतं. वेलासारखे वाढणारे वाण रोज दोन-चार फळं देत राहतात; ते ताज्या भाजीला चांगले. मोठ्या कुंडीतलं नीट सांभाळलेलं झुडूप हंगामभरात दोन ते तीन किलो देतं. आठ झाडं विद्यार्थ्याला पुरतात, वीस लावण्याचा मोह टाळा.

हळद हे विद्यार्थ्यासाठी सर्वांत सोयीचं पीक आहे. जूनमध्ये सत्र सुरू होताना ३० ते ४० ग्रॅमचं गड्डं ५ सेंटिमीटर खोल लावायचं, पावसाळ्यात तिला पाण्याचीही गरज नसते, आणि पानं पिवळी पडून वाळली की जानेवारी-फेब्रुवारीत काढायची. परीक्षेत आठवडाभर लांबली तरी मातीत सुरक्षित राहते. वायगावची हळद वर्ध्याकडून सहज मिळते, तीच लावा. अंबाडीही जून-जुलैत पेरून टाकली की फारसं काही मागत नाही.

मेथी, पालक, सांबार (कोथिंबीर) ही २५ ते ४५ दिवसांची पिकं आहेत. शेवटचा वाफा परीक्षेच्या सहा आठवडे आधी पेरा, म्हणजे अभ्यासाच्या सुट्टीत रोजची भाजी गच्चीवरच मिळते. उन्हाळी परीक्षेसाठी तर बाग जवळजवळ बंदच ठेवा. मार्चच्या अखेरीस दिवसाचं तापमान ३५ अंशांपुढे गेलं की टोमॅटोची फुलं गळू लागतात, झाडं उपटा. रिकाम्या माती भरलेल्या पिशव्यांना भरपूर पाणी देऊन त्या पारदर्शक प्लास्टिकने घट्ट झाका आणि एप्रिल-मेचे चार ते सहा आठवडे तशाच उन्हात राहू द्या. आतली माती इतकी तापते की सूत्रकृमी, बुरशी आणि तणाचं बी बऱ्याच प्रमाणात मरतं. तुम्ही पेपर लिहिता तेव्हा ऊन तुमचं काम करत असतं. या दिवसांत लिंबू, कढीपत्ता, गवती चहा आणि ५० टक्के सावलीच्या हिरव्या जाळीखाली पुदिना, इतकंच जिवंत ठेवा.

माती आणि पाणी

आपली काळी माती शेतात सोनं असली तरी एकटी कुंडीत चालत नाही. ओली झाली की निचरा होत नाही, वाळली की आकसते आणि पाणी कडेच्या भेगेतून सरळ खाली वाहून जातं. दोन भाग माती, दोन भाग मुरलेलं शेणखत किंवा कंपोस्ट, एक भाग कोकोपीट आणि १५ इंची पिशवीमागे दोन मुठी निंबोळी ढेप असं मिश्रण करा. भरलेली ओली पिशवी तीस-चाळीस किलोंच्या घरात जाते, म्हणून ओळी गच्चीच्या मध्यावर न लावता कठड्याच्या भिंतीलगत, तुळयांवर लावा.

थंडीत टोमॅटोच्या झाडाला दिवसाला एक ते दीड लिटर पाणी पुरतं, ऊन वाढलं की दुप्पट. कधी कोरडं, कधी चिंब असं झालं की फळाच्या तळाशी काळा, चामड्यासारखा डाग पडतो. तो रोग नव्हे. पाण्याच्या चढउतारामुळे फळापर्यंत कॅल्शियम पोचत नाही, म्हणून फवारणीने तो जात नाही. दोन इंच वाळक्या पानांचं आच्छादन आणि नियमित पाणी हाच उपाय. पानं वरच्या बाजूला वळून लहान राहिली तर ती पर्णगुच्छाची विषाणूबाधा असते, पांढरी माशी ती पसरवते. असं झाड ताबडतोब उपटा, पिवळे चिकट सापळे लावा आणि बाकीच्यांवर संध्याकाळी लिटरमागे ५ मिलि निंबोळी तेल थोड्या द्रव साबणासह फवारा.

ठिबक आणि टायमर हा खर्च कराच, पण एक गोष्ट बघून. गच्चीवरच्या टाकीतून गुरुत्वाने येणाऱ्या पाण्याला दाब फार कमी असतो, त्यामुळे सोलेनॉइड (विजेच्या चुंबकाने उघडणाऱ्या) झडपेचे बरेच टायमर त्यावर उघडतच नाहीत. बॉल व्हॉल्व्हचा, शून्य दाबावर चालणारा बॅटरीचा टायमर मागा. दाब संतुलित करणारे ड्रिपरही इथे चालत नाहीत, साधे फिरवून कमी-जास्त करता येणारे घ्या. टाकीच्या तोंडाला जाळीचा फिल्टर लावा आणि यंत्रणा परीक्षेच्या तीन आठवडे आधी चालू करून प्रत्येक कुंडीखाली वाटी ठेवून पाणी मोजा. उन्हाळ्यात काळ्या नळीतलं पाणी भाजण्याइतकं तापतं, म्हणून वेळ पहाटे पाचची लावा.

अभ्यासाची घडी

चार श्रेयांकांच्या (क्रेडिटच्या) पेपरला सत्रात ६० तासांचं अध्यापन असतं. घरी निदान तेवढाच वेळ द्यायचा असं धरलं तर पंधरा आठवड्यांत पेपरमागे आठवड्याला चार तास येतात, चार पेपरांना सोळा. हे सोळा तास आधी भरायचे, बाग उरलेल्या जागेत.

सकाळी सहा ते साडेसहा गच्ची. पाणी, पाहणी, तोडणी, आणि तोंडाने रूपावली किंवा कानात एका बाजूला श्रवणपाठ. वाक्य ऐकून त्याच लयीत लगेच मोठ्याने म्हणायचं. गच्चीवर संकोच वाटत नाही, त्यामुळे परकीय भाषेचे उच्चार इथे मोकळे होतात. साडेसहा ते आठ टेबलावरचा कसाचा अभ्यास. ही दीड तासाची जागा भाजी निवडण्यासाठीसुद्धा देऊ नका. रामटेकच्या संस्कृत विद्यापीठात किंवा अमरावती मार्गावरच्या विद्यापीठ परिसरात जाण्यायेण्यात जाणारा वेळ श्रवणाला चांगला.

शब्दांसाठी पाच कप्प्यांची पेटी करा. सेबास्टियन लाइटनर या जर्मन लेखकाने १९७२ मध्ये मांडलेली ही पद्धत आजच्या फ्लॅशकार्ड ॲपच्या मुळाशी आहे. आलेला शब्द पुढच्या कप्प्यात, चुकलेला पुन्हा पहिल्यात. कप्पे अनुक्रमे रोज, दोन, चार, आठ आणि सोळा दिवसांनी उघडायचे. दिवसाला पंधरापेक्षा जास्त नवे शब्द घालू नका. साठवणीच्या गडबडीत तीन दिवस चुकले तर नवे शब्द थांबवून आधी साचलेले निपटा, नाहीतर पेटी फुगते आणि मग ती उघडावीशीच वाटत नाही.

लेखनाच्या सरावाला पाककृतीइतकं सोपं साहित्य नाही. संस्कृतात लोणच्याची कृती लिहायला घ्या, प्रत्येक वाक्यात पूर्वकालवाचक (धुऊन, कापून अशा अर्थाचं रूप) येतं: प्रक्षाल्य, छित्त्वा, निक्षिप्य, पक्त्वा. उपसर्ग असला की ल्यप्, नसला की क्त्वा, हा नियम चार कृती लिहून हातात बसतो. पालीत धोवित्वा, छिन्दित्वा, पचित्वा. जर्मनमध्ये याच कामाला कर्मणी प्रयोग आणि वेगळे होणारे उपसर्ग लागतात: आइनकोखन (आटवणं), आबक्यूलन (गार करणं), उमर्यूरन (ढवळणं). रोज पाच वाक्यांची बागेची वही अभ्यासाच्या भाषेत ठेवा. काल काय लावलं, आज काय दिसलं, उद्या काय करायचं. तिन्ही काळ, संख्या आणि स्थानवाचक रूपं आपोआप येतात. आठवड्याला एक पान शिक्षकांना तपासायला द्या.

जर्मन, फ्रेंच किंवा रशियन साठवणीचे लेख वाचनाला उत्तम, कारण त्या समाजांत बरण्या भरण्याची परंपरा जुनी आहे. मात्र ते वाचनासाठीच ठेवा. ओव्हनमध्ये बरण्या ठेवून निर्जंतुक करणं, मशरूम घरी हवाबंद करणं अशा तिथल्या जुन्या पद्धती सुरक्षित नाहीत. मापंही फसवतात. जर्मन फुंड आणि फ्रेंच लिव्र म्हणजे बोलीभाषेत ५०० ग्रॅम, अमेरिकन पाउंड ४५४ ग्रॅमचा. जर्मन कृतींत टीएल म्हणजे चहाचा चमचा आणि ईएल म्हणजे जेवणाचा. दोन्हींत तिपटीचा फरक आहे.

टोमॅटो: सगळ्यात जास्त काळजीचं काम

बरणीतल्या अन्नाचा खरा शत्रू क्लॉस्ट्रिडियम बोट्युलिनम हा जिवाणू. त्याचे बीजाणू मातीत सर्वत्र असतात, उकळत्या पाण्यात मरत नाहीत आणि हवाबंद, कमी आंबट जागी वाढून विष तयार करतात. त्या अन्नाला वास किंवा चव बदललेली असेलच असं नाही. पीएच (आंबटपणाचं माप, आकडा जितका कमी तितका पदार्थ आंबट) ४.६ किंवा त्याखाली असेल तर ते वाढत नाहीत. टोमॅटो बरोबर या सीमेवर बसतो, काही फळं खाली, काही वर. म्हणून आम्ल बाहेरून घालणं ऐच्छिक नाही.

चार ५०० मिलिच्या बरण्यांना साधारण तीन किलो फळ लागतं. परीक्षेच्या काळात पिकलेली फळं धुऊन, पुसून अख्खीच फ्रीझरमध्ये पिशवीत भरत जा. नंतर बाहेर काढून पाण्याखाली धरली की साल हाताने निघते, उकळत्या पाण्यात बुडवून सोलण्याचं काम वाचतं. वितळताना सुटलेलं पाणी फेकू नका. मेलेल्या झाडावरची किंवा सडका भाग कापून उरलेली फळं बरणीत घेऊ नका, त्यांतलं आम्ल कमी झालेलं असतं.

१. बरण्या साबणाने धुऊन गरम पाण्यात ठेवा. कडेवरून बोट फिरवा, बारीकसा टवका असला तरी ती बरणी बाजूला. झाकणं दर वेळी नवी. आतली रबरी पट्टी एकदा दबली की दुसऱ्यांदा खात्रीने बसत नाही. इतवारीच्या बाजारात रिकाम्या बरण्या घेताना जोडीची झाकणं जास्तीची मागून घ्या.

२. एक चतुर्थांश फळं पातेल्यात मोठ्या आचेवर कुस्करत लगेच उकळी आणा, मग बाकीची घालत जा. सगळी एकदम चिरून ठेवली तर फळातली विकरं (एन्झाइम) गर धरून ठेवणारं पेक्टिन तोडतात आणि नंतर बरणीत खाली पाणी, वर गर असा थर दिसतो. सगळं मिळून पाच मिनिटं खळखळून उकळा.

३. प्रत्येक ५०० मिलि बरणीत दीड ग्रॅम, म्हणजे भरगच्च पाव चहाचा चमचा सायट्रिक ॲसिड घाला. पातेल्यात घालू नका, प्रत्येक बरणीला तिचा वाटा मिळाल्याची खात्री तिथे राहत नाही. घरच्या लिंबाचा रस यासाठी वापरू नका, त्याचा आंबटपणा फळागणिक बदलतो. कांदा, लसूण, मिरची, सांबार, तेल काहीही घालायचं नाही. त्यांनी आम्ल सौम्य होतं आणि उष्णता आत पोचण्याचा वेळ बदलतो. फोडणी बरणी उघडल्यावर.

४. वर सव्वा सेंटिमीटर जागा सोडून गरम गर भरा, लाकडी काडी फिरवून हवेचे बुडबुडे काढा, कड ओल्या स्वच्छ फडक्याने पुसा, झाकण लावा.

५. खोल पातेल्याच्या तळाशी जाळी किंवा दुमडलेलं फडकं घाला, नाहीतर बरणीचा बूड तडकतो. गरम बरण्या गरम पाण्यात ठेवा, झाकणावर किमान अडीच सेंटिमीटर पाणी हवं. पूर्ण उकळी आल्यापासून ४० मिनिटं मोजा. जगभर वापरल्या जाणाऱ्या अमेरिकन तक्त्यांत ३०५ मीटर उंचीपर्यंत ३५ मिनिटं आणि त्यापुढे ४० दिलेली असतात. नागपूर समुद्रसपाटीपासून सुमारे ३१० मीटरवर आहे, म्हणून आपला रकाना ४० चा. मध्ये उकळी थांबली तर वेळ शून्यापासून.

६. गॅस बंद करून पाच मिनिटांनी बरण्या उचला आणि जाड टॉवेलवर सुट्या सुट्या ठेवा. कूलर किंवा पंख्याच्या झोतात ठेवू नका, गरम काच तडकते. २४ तास हात लावायचा नाही.

दुसऱ्या दिवशी झाकणाचा मध्य खाली दबलेला हवा आणि बोटाने दाबल्यावर टकटक व्हायला नको. होत असेल तर ती बरणी फ्रीजमध्ये ठेवून तीन-चार दिवसांत संपवा. कडेला गर अडकणं, झाकण वाकडं बसणं आणि बरणी काठोकाठ भरणं ही तीन कारणं बहुतेक वेळा निघतात.

एकूण अडीच ते तीन तास लागतात. त्यांतली पाण्यातली ४० मिनिटं मोकळी असतात, पण उठून बाहेर जाता येत नाही. या वेळेला शब्दपेटी ठेवा, पत्ते प्लास्टिकच्या पाकिटात घालून, वाफेपासून दूर.

संत्री

आंबिया बहर साधारण ऑक्टोबर ते डिसेंबर आणि मृग बहर फेब्रुवारी-मार्चच्या सुमाराला येतो. विद्यार्थ्याने मृग बहर धरावा. सत्र नुकतंच सुरू झालेलं असतं आणि फळ गोड, रसरशीत मिळतं. कळमन्याच्या घाऊक बाजारातून एकट्याने पेटी आणण्याऐवजी दोघातिघांनी मिळून वाटून घ्या.

नागपुरी संत्र्याचा रस काढून ठेवला किंवा तापवला की कडू होत जातो. बिया आणि पांढऱ्या पडद्यांतल्या घटकापासून लिमोनिन तयार होतं, हे त्याचं कारण. म्हणून मिक्सर वापरू नका, बिया फुटतात. फोडी हातदाबाने पिळा, गाळा आणि रस कधीही गॅसवर ठेवू नका.

अडीच किलो फळातून साधारण एक लिटर रस निघतो. त्याला पावणेदोन किलो साखर, एक लिटर पाणी आणि २५ ग्रॅम सायट्रिक ॲसिड घ्या. साखर-पाणी-आम्ल उकळून गाळा. हा पाक आदल्या रात्रीच करून ठेवता येतो, सकाळी तो पूर्ण गार झालेला असतो. गार पाकात ताजा रस मिसळा. सुमारे तीन लिटर स्क्वॅश होतं. टिकवण्यासाठी पोटॅशियम मेटाबायसल्फाइट दोन ग्रॅम, त्याहून जास्त नाही. घरच्या काट्यावर दोन ग्रॅम नीट मोजले जात नाहीत, म्हणून १० ग्रॅम पूड पाण्यात विरघळवून द्रावण १०० मिलि करा आणि त्यातलं २० मिलि वापरा. पूड जुनी असेल तर तिचा जोर गेलेला असतो, लहान पाकीट ताजं घ्या. निर्जंतुक, कोरड्या बाटल्यांत अडीच सेंटिमीटर जागा सोडून भरा आणि प्लास्टिकचं झाकण लावा, या रसायनाने पत्रा गंजतो. घरात कुणाला दमा असेल तर पूड न घालता स्क्वॅश फ्रीजमध्ये ठेवून लवकर संपवा.

थांबणाऱ्या साठवणी

अंबाडीची बोंडं ऑक्टोबरपासून येतात. वेळ नसेल तर आतलं बोंड काढून लाल पाकळ्या चांगल्या कडक वाळवा, शरबतासाठी वर्षभर राहतात. वेळ असेल तर एक किलो पाकळ्यांत एक लिटर पाणी घालून वीस मिनिटं शिजवा, गर गाळा, गराइतकीच साखर घाला. आंबटपणा आणि पेक्टिन अंगचंच असल्याने जॅम झटपट जमतो. १०४ अंशांवर, किंवा थंड बशीवरचा थेंब बोटाने ढकलल्यावर सुरकुती पडली की उतरवा, बरण्यांत भरा आणि उकळत्या पाण्यात दहा मिनिटं ठेवा.

मोरावळा परीक्षेच्या पंधरवड्यातही चालतो, कारण रोज पंधरा मिनिटांपलीकडे काही मागत नाही. एक किलो आवळे टोचून रात्रभर मिठाच्या पाण्यात ठेवा, दुसऱ्या दिवशी धुऊन नरम होईतो वाफवा, सव्वा किलो साखरेत मुरत ठेवा. पुढे दोन-तीन दिवसांआड आवळे काढून पाक थोडा आटवायचा आणि पुन्हा ओतायचा. पहिल्याच दिवशी पाक दाट केला तर आवळे आकसून चामट होतात. शेवटचा पाक दोनतारी.

लिंबाला किलोमागे २०० ग्रॅम मीठ, बरणी रोज एकदा हलवायची, बस.

आंब्याच्या लोणच्याचे आंबे बाजारातच अडकित्त्याने फोडून घ्या, पण घरी पुसून, कोयीचा पापुद्रा काढून, फॅनखाली सुकवून. किलोला १७५ ते २०० ग्रॅम मीठ आणि थोडी हळद चोळून ठेवा. पेपर असेल तर या अवस्थेत दोन-तीन दिवस थांबतात, रोज एकदा कोरड्या पळीने खालीवर करायच्या. मग १०० ग्रॅम मोहरीची डाळ, २५ ग्रॅम मेथी, ७५ ग्रॅम तिखट, १० ग्रॅम हिंग. तिखटाला भिवापुरी मिरची असली तर रंग आणि झणका दोन्ही येतात. तेल गरम करून पूर्ण गार केलेलं, फोडींच्या वर बोटभर. बुरशी आली तर कारण ओलावा किंवा कमी मीठ. वरचा थर काढून बाकीचं ठेवू नका.

हे बरणीत भरू नका

मटार, मक्याचे दाणे, वाल-पोपटाचे दाणे, भेंडी, गाजर, शिजवलेली भाजी, डाळ, तेलात बुडवलेला लसूण. यांत पुरेसं आम्ल नसतं, उकळत्या पाण्याने ते सुरक्षित होत नाहीत. आपल्या कुकरमध्ये शिट्ट्या मोजून बरण्या ठेवणं हाही उपाय नाही. त्याला दाबमापक नसतो, तो फार लवकर तापतो आणि निवतो, आणि त्यासाठी तपासून ठरवलेल्या वेळा उपलब्ध नाहीत. हे पदार्थ फ्रीझरमध्ये ठेवा किंवा वाळवा. नागपूरचं कोरडं ऊन असताना वाळवण हा कमी दर्जाचा पर्याय मानू नका. पातळ कापडाखाली दोन-तीन दिवसांत भाजी कडकडीत होते आणि अभ्यास सोडून तिच्याजवळ बसावं लागत नाही.

परीक्षेचा पंधरवडा

पहिल्या पेपरच्या आठवडाभर आधी ठिबकवर सोपवा, खत थांबवा, झाडांना काठ्यांचा आधार बांधून घ्या. पिकलेलं रोज फक्त तोडायचं, धुवायचं आणि फ्रीझरमध्ये टाकायचं. वीज जास्त वेळ गेली तर फ्रीझर उघडू नका. भरलेला फ्रीझर बराच काळ गार राहतो. सकाळची गच्चीची पंधरा मिनिटं मात्र चालू ठेवा, त्यांत त्या दिवशीच्या पेपरची तोंडी उजळणी होते. एका बैठकीचं कोणतंही काम दोन पेपरांच्या मधल्या सुट्टीत काढू नका, दोन दिवस रिकामे दिसले तरी.

मे महिन्यातल्या बरण्या

हवाबंद टोमॅटोला अंधार आणि २१ अंशांच्या आसपासचा गारवा आवडतो. मे महिन्यात नागपुरातल्या वरच्या मजल्याची खोली ३८-४० अंशांपर्यंत जाते. तिथे रंग काळपटतो, चव उतरते आणि झाकणाची पट्टी सैल होऊ शकते. म्हणून एप्रिलअखेरपर्यंत संपतील इतक्याच बरण्या भरा, आठ ते दहा. उरलेल्या तळमजल्याच्या कपाटात सगळ्यात खालच्या फळीवर ठेवा किंवा फ्रीजमध्ये हलवा. चिठ्ठी अभ्यासाच्या भाषेत लिहा, पण पदार्थ, तारीख आणि घातलेलं आम्ल मराठीतही असू द्या. बरणी उघडणारी आई किंवा आजी असते.

झाकण फुगलेलं दिसलं, उघडताना फसकन फेस आला किंवा पाणी उडालं तर चाखून बघू नका. बरणी तशीच दोन पिशव्यांत बांधून टाका, जनावरांपर्यंत पोचणार नाही अशी. ओटा आणि भांडी ब्लीचच्या पाण्याने पुसा, अर्धा तास राहू द्या, मग धुवा.